ट्यूलिप-डॅफोडिलचे कंद: खार, व्होल आणि हरणांपासून वाचवत लावण्याचा नेमका क्रम

पिशवी उघडायची, खड्डे करायचे, कंद टाकून माती लोटायची, पाणी घालायचं आणि घरात यायचं. ट्यूलिप लावण्याची बहुतेकांची पद्धत हीच. दुसऱ्या दिवशी वाफ्यात उकरलेले खड्डे आणि कंदांची सालं दिसली की मग लाल तिखट भुरभुरणं, डांबराच्या गोळ्या ठेवणं, फवारे विकत आणणं सुरू होतं. तोवर उशीर झालेला असतो. कंदांचं रक्षण कंद निवडतानाच सुरू होतं आणि खड्डा बुजवेपर्यंत त्यातलं मोठं काम उरकलेलं असावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

हा लेख न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट, बॉस्टन या पट्ट्यातल्या वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. शिकागो किंवा टोरांटोकडे राहणाऱ्यांनी वेळ दोन-तीन आठवडे अलीकडे घ्यावी. टेक्सस आणि कॅलिफोर्नियातल्यांसाठी चौथ्या टप्प्यात वेगळी सूचना आहे.

## १. तुमच्याकडे येतं कोण, ते आधी ओळखा

प्रत्येक प्राण्याचा उपाय वेगळा असतो. हरणासाठी जमिनीखाली जाळी घालून काही मिळत नाही आणि व्होलसाठी आठ फुटी कुंपण निरुपयोगी ठरतं. सप्टेंबरात एकदा अंगणात फिरून खुणा बघून घ्या.

- राखाडी खार: उथळ, वेडेवाकडे खड्डे आणि आजूबाजूला कंदांची सालं. ही दिवसा येते. हिवाळाभर झोपून राहत नाही, त्यामुळे थंडीतही उकरते.
- चिपमंक: ही पाठीवर पट्टे असलेली छोटी खार. साधारण दोन इंच रुंद, स्वच्छ गोल भोक. भोकाशेजारी मातीचा ढीग नसतो.
- व्होल: हा आखूड शेपटीचा शेतउंदीर. गवतातून दोन बोटं रुंदीच्या पायवाटा आणि इंच-दीड इंचाची भोकं ही त्याची खूण. वर काहीच उकरलेलं दिसत नाही, पण वसंतात कोंबच येत नाहीत. खणून बघितलं तर कंदाची जागा रिकामी.
- ससा: पान किंवा देठ कात्रीने तिरकं कापल्यासारखं दिसतं.
- हरीण: पान फाटल्यासारखं, कड ओबडधोबड. हरणाला समोरचे वरचे दात नसतात, त्यामुळे ते पान कापत नाही, ओढून तोडतं.

मोलवर उगाच आळ येतो. लॉनखाली लांबट उंचवटे करणारा हा प्राणी गांडुळं आणि अळ्या खातो, कंदांना तोंड लावत नाही. पण त्याने केलेल्या बोगद्यांतून व्होल फिरतात, म्हणून मोलचे उंचवटे दिसले तर तिथे जाळीशिवाय ट्यूलिप लावू नका.

## २. काय लावायचं ते ठरवा

हा टप्पा नीट पार पडला तर निम्मी लढाई इथेच संपते.

हौसेने खाल्ले जाणारे: ट्यूलिप आणि क्रोकस. लिलीचे कंदही यातच धरा.

सहसा न खाल्ले जाणारे: डॅफोडिल, स्नोड्रॉप, अ‍ॅलियम, ग्रेप हायसिंथ, सिला, कमासिया. डॅफोडिलमध्ये लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचे टोचरे स्फटिक असतात. अळूने घसा खाजतो तोही अशाच स्फटिकांमुळे. अ‍ॅलियम कांदा-लसणाच्या कुळातलं, त्याचा वास प्राण्यांना नको असतो. हायसिंथही बरंचसं सुरक्षित.

पहिल्याच वर्षी बाग करत असाल आणि समोरून रोज संध्याकाळी हरणांचा कळप जात असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की यंदा फक्त डॅफोडिल, अ‍ॅलियम आणि ग्रेप हायसिंथ लावा. एवढ्यात मार्चअखेरपासून जूनपर्यंत फुलं मिळतात. ट्यूलिप हवेच असतील तर ते एकाच ठिकाणी, जाळीत बसेल एवढ्या जागेत आणि शक्यतो घराच्या दाराजवळ लावा. अंगणभर विखुरलेले शंभर ट्यूलिप राखता येत नाहीत.

“ट्यूलिपभोवती डॅफोडिलचं कडं करा” असा सल्ला सर्रास दिला जातो. जमिनीखालून येणाऱ्या व्होलला त्याने थोडा अडथळा होतो. हरीण मात्र डॅफोडिलमधून नेमका ट्यूलिपच वेचून खातं. एकट्या या उपायावर विसंबू नका.

> सावधान: डॅफोडिलचा कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखा दिसतो आणि खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटना डॅफोडिल भाजीपाल्यापासून लांब ठेवायला सांगितलं होतं. गावाहून आई-बाबा आले असतील आणि स्वयंपाकघर त्यांच्या हाती असेल, तर हे कंद कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ तर सोडाच, स्वयंपाकघरातच ठेवू नका. पिशवीवर मराठीत ठळक “विषारी” लिहा.

## ३. खरेदी आणि साठवण

कंद हातात घेऊन दाबा. घट्ट आणि आकाराच्या मानाने जड हवा. मऊ पडलेला, पोकळ वाटणारा, बुडाशी कुजलेला कंद घेऊ नका. वरचं तपकिरी साल सुटलेलं असेल तर चालतं. निळसर बुरशीचा हलका डाग पुसून निघत असेल तर तोही चालतो.

आकार घेराने मोजतात. ट्यूलिपसाठी १२ सेंटीमीटर किंवा जास्त घेराचा कंद मागा. स्वस्तातल्या मोठ्या पिशव्यांत बहुधा लहान कंद असतात. त्यांना पानं येतात, फूल येत नाही, आणि दोष खारीवर जातो.

लावेपर्यंत कंद जाळीच्या किंवा कागदी पिशवीत, कोरड्या आणि गार जागी ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम धरून ते कुजतात. गराजमध्ये ठेवणार असाल तर पिशवी खुंटीला टांगा, किंवा झाकणाला भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. गराजमधले उंदीर लावणीची वाट बघत नाहीत.

## ४. वेळ साधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. काही जण एप्रिलमध्ये फुललेले ट्यूलिप बघून एप्रिलमध्येच कंद शोधायला निघतात. काही जण सप्टेंबरात दुकानात कंद दिसले की त्याच शनिवारी लावून टाकतात. दोन्ही चुकीचं.

ट्यूलिपला फुलण्यासाठी साधारण १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते, म्हणून लावणी हिवाळ्याच्या आधीच झाली पाहिजे. पण जमीन उबदार असताना लावलं तर कंद कुजू शकतो आणि खारींना तो उकरायला जास्त दिवस मिळतात. सहा इंच खोलीवर मातीचं तापमान ५५ फॅरनहाइटच्या खाली आलं की लावा. न्यू जर्सीत हे सहसा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात होतं. जमीन गोठण्याआधी मुळं धरायला सहा आठवडे मिळाले की उत्तम.

दसरा-दिवाळीवर हिशेब बांधू नका, दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते तर कधी नोव्हेंबरच्या. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर घ्या. तो नसेल तर रात्रीचं तापमान सलग दोन आठवडे चाळिशीत राहिलं की लावणीला लागा.

डॅफोडिल आधी लावा, त्यांना मुळं धरायला वेळ जास्त लागतो. ट्यूलिप शेवटी, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातही चालतात. थँक्सगिव्हिंग उलटून गेलं आणि पिशवी तशीच राहिली तरी, फावडं जमिनीत शिरत असेल तर लावून टाका. पुढच्या वर्षासाठी ठेवलेला कंद वाया जातो.

ह्यूस्टन, डॅलस, बे एरिया: तिथे जमीन पुरेशी गार होत नाही. ट्यूलिपचे कंद ४० ते ४५ फॅरनहाइटला फ्रिजमध्ये १२ ते १४ आठवडे ठेवून डिसेंबर-जानेवारीत लावावे लागतात आणि फ्रिजमधून काढले की लगेच लावायचे. त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, पेअर ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू कंदाच्या आतली कळी मारतो. डॅफोडिल थंड करायला फ्रिजमध्ये ठेवणार असाल, तर तो फ्रिज खाण्याच्या वस्तूंचा नसावा. कॅलिफोर्नियात गोफर (जमिनीखाली बोगदे करून कंद-मुळं खाणारा प्राणी) असतील तर प्रत्येक खड्ड्यात तारेची टोपली हवी.

## ५. जागा तपासा

दिवसाला सहा तास ऊन हवं. पानझडी झाडाखालची जागा चालते, कारण एप्रिलमध्ये झाडाला पालवी फुटायच्या आत बरीच कंदफुलं आपलं काम उरकून घेतात.

पाण्याचा निचरा मात्र बघायलाच हवा. नव्या टाउनहाउसच्या वसाहतींत बांधकामानंतर वर पसरलेली माती अनेकदा चिकट आणि दडपलेली असते. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी असेल तर तिथे कंद लावू नका. जागा बदला, किंवा आठ-दहा इंच उंचीचा वाफा बांधा.

> खणण्याआधी: अमेरिकेत ८११ क्रमांकावर फोन करून गॅस, वीज, केबलच्या लायनी कुठून गेल्या आहेत त्या खुणा करून घ्या. सेवा मोफत आहे, पण काही दिवस आधी कळवावं लागतं. वसाहतीची संस्था असेल तर कुंपण आणि जाळीबाबतचे नियमही आत्ताच वाचा.

## ६. जाळी कापा, कंद काढण्याआधी

जाळीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार महाग पडते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची चिकन वायर खारीला अडवते. तिच्या इंचभर भोकातून व्होल आरामात जातो. हार्डवेअर क्लॉथ ही चौकोनी भोकांची, जस्त चढवलेली ताठ जाळी. ती अर्धा इंच किंवा त्याहून बारीक भोकांची घ्या.

त्रास फक्त खारींचा असेल तर: सपाट जाळी पुरते. वाफ्यापेक्षा चारही बाजूंनी सहा इंच मोठा चिकन वायरचा तुकडा कापून ठेवा. लावणी झाली की तो जमिनीवर अंथरायचा, यू आकाराच्या लोखंडी पिनांनी दर फुटावर ठोकायचा आणि वर पाला पसरायचा. कडा सैल राहिल्या तर खार तिथूनच आत हात घालते.

व्होल किंवा चिपमंक असतील तर: पेटीच करावी लागते. तीन फूट बाय दोन फूट वाफ्याचं माप देतो, यात पंचवीस-तीस ट्यूलिप बसतात.

1. हार्डवेअर क्लॉथचा तीन बाय दोन फुटांचा तळ कापा. हातमोजे घाला, कापलेली तार ब्लेडसारखी लागते.
2. दहा इंच उंच पट्ट्या कापून चार भिंती करा. भिंती तळाशी आणि एकमेकींशी बारीक तारेने दर दोन-तीन इंचांवर बांधा. सुतळी वापरू नका, ती कुजते आणि कुरतडली जाते.
3. तीन बाय दोनचंच एक झाकण कापा आणि बाजूला ठेवा.
4. नऊ इंच खोल खणा. माती ताडपत्रीवर काढा, लॉनवर नको.
5. पेटी बसवा. काठ जमिनीच्या इंचभर वर राहिला पाहिजे, कारण व्होल पाल्याखालून जमिनीवरूनही येतो.

मुळं खालच्या जाळीतून सहज बाहेर जातात, त्याची काळजी नको. झाकण मात्र सुटं ठेवा. ते मातीखाली कायमचं पुरलं तर ट्यूलिपचे जाड देठ अर्ध्या इंचाच्या भोकात आवळले जातात.

> तपासा: पेटीच्या चारही कोपऱ्यांत करंगळी घालून बघा. करंगळी जाते तिथून व्होल जातो.

## ७. लावणी

खोलीचा ढोबळ नियम असा की कंदाच्या उंचीच्या तिप्पट. नेमकं सांगायचं तर ट्यूलिप सहा ते आठ इंच, डॅफोडिल सहा ते आठ, हायसिंथ सहा, क्रोकस आणि ग्रेप हायसिंथ तीन ते चार. हे माप कंदाच्या बुडापासून जमिनीपर्यंतचं आहे. खारींच्या गावात ट्यूलिप आठ इंचांवरच लावा. खार वरचे तीन-चार इंच चाळते, आठ इंचांपर्यंत जायचा कंटाळा करते. चिकणमाती असेल तर सहावर थांबा.

तळाशी इंचभर भुसभुशीत माती पसरा, त्यावर कंद टेकवा, टोक वर आणि चपटं बूड खाली. दोन कंदांत ट्यूलिपसाठी पाच इंच, डॅफोडिलसाठी सहा इंच अंतर ठेवा. कंद एकमेकांना टेकू देऊ नका. एक कुजला तर शेजारचाही जातो.

कंदांभोवती बारीक, धारदार खडी दोन-तीन मुठी टाकली तर खणणाऱ्या प्राण्यांना ती टोचते. पेटी असेल तर याची गरज नाही. पेटी करणं जमणार नसेल तर हा पर्याय बरा.

> सावधान: खड्ड्यात हाडांची पूड किंवा रक्ताची पूड घालू नका. जुन्या पुस्तकांतून हा सल्ला अजून फिरतो, पण त्या वासाने कुत्री, रॅकून आणि स्कंक वाफा उकरतात. कंदात यंदाच्या फुलापुरतं अन्न आधीच असतं. खत द्यायचंच तर कंदांसाठीचं सावकाश विरघळणारं दाणेदार खत माती बुजवून झाल्यावर वरून द्या.

## ८. बुजवणं आणि साफसफाई

लोक इथे दमलेले असतात आणि इथेच घात होतो. गळून पडलेली सालं, तुटलेले कंदांचे तुकडे, रिकाम्या पिशव्या, सगळं वेचा आणि कचऱ्याच्या डब्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. खारीला वास येतो तो या सालांचा. नुकतीच हलवलेली सैल माती दिसली की ती तिथे काहीतरी पुरलं आहे असं धरूनच येते.

माती तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर तळहाताने दाबा. भरपूर पाणी द्या, म्हणजे पोकळ्या बसतील. मग झाकण किंवा सपाट जाळी पिनांनी ठोका. त्यावर अंगणातलाच वाळका पाला असा पसरा की वाफा आणि बाजूची जमीन एकसारखी दिसेल. हे सगळं त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत संपवा. “जाळी उद्या लावू” म्हटलं की खार उद्याच्या सकाळी तुमच्या आधी उठलेली असते.

ही कामं एका दिवसात उरकणार नसतील तर कंद कमी लावा.

## ९. हिवाळा

फारसं काही करायचं नाही. पाऊस अजिबात नसेल तर जमीन गोठेपर्यंत आठवड्याला एकदा पाणी द्या. पाल्याचा थर दोन-तीन इंचांपेक्षा जाड करू नका, त्याखाली व्होल घर करतात. वाफ्याशेजारचं गवत आखूड ठेवा. पक्ष्यांच्या दाण्याचं भांडं वाफ्यापासून लांब न्या, कारण खाली सांडलेल्या दाण्यांवर खारी आणि चिपमंक रोज येतात.

डिसेंबर-जानेवारीत चार उबदार दिवसांत कोंब वर आले तर घाबरू नका. पानांची टोकं करपतात, आतली कळी सहसा वाचते.

कुंडीत लावलं असेल तर कुंडी उघड्या डेकवर ठेवू नका, चहूबाजूंनी गोठते. ती गरम न केलेल्या गराजमध्ये ठेवा, वर जाळी बांधा आणि माती अगदी कोरडी पडली तरच थोडं पाणी द्या.

## १०. कोंब आल्यावर

मार्चमध्ये रोज बघत राहा. कोंब जाळीला टेकले की झाकण काढा. आठवडाभर विसरलात तर पानं जाळीत अडकतात आणि काढताना तुटतात.

इथून पुढची लढाई जमिनीवरची, ससा आणि हरणाशी.

सशासाठी दोन-अडीच फूट उंच, इंचभर किंवा बारीक भोकांची जाळी वाफ्याभोवती उभी करा आणि तिचा खालचा काठ मातीत सहा इंच गाडा. हरणासाठी अख्ख्या अंगणाला कुंपण घालायचं तर ते आठ फूट उंच हवं, म्हणून बहुतेकांना फवारा हाच मार्ग उरतो. नासक्या अंड्याच्या वासाचे तयार फवारे त्यातल्या त्यात चांगले चालतात. कोंब दोन-तीन इंच झाले की पहिला मारा द्या, आणि पुढे डब्यावर लिहिलेल्या अंतराने, तसंच जोराच्या पावसानंतर पुन्हा. नवीन वाढलेल्या पानावर जुना फवारा नसतो हे लक्षात ठेवा. कळी रंग धरू लागली की मारा चुकवू नका, हरणं नेमकी तेव्हा येतात.

लाल तिखट: सस्तन प्राण्यांना ते झोंबतं, हे खरं. पण एका पावसात धुऊन जातं, वाऱ्याने उडून मुलांच्या आणि प्राण्यांच्या डोळ्यांत जातं. मी ते सुचवत नाही.

डांबराच्या गोळ्या: अजिबात नको. त्यातलं नॅप्थलीन किंवा तत्सम रसायन विषारी असतं. लहान मूल ती गोळी खडीसाखर समजून तोंडात घालू शकतं. लेबलवर लिहिलेल्या वापराखेरीज ती बागेत प्राण्यांसाठी टाकणं अमेरिकेत बेकायदा आहे.

उंदरांचं विष: तेही नको. विष खाल्लेला व्होल घुबड, ससाणा किंवा कोल्ह्याने खाल्ला की तेही मरतात, आणि तुमच्या व्होलना आवर घालणारे हेच शिकारी असतात.

फुलदाणीसाठी तोडत असाल तर ताजे डॅफोडिल आणि ट्यूलिप एका पाण्यात ठेवू नका, डॅफोडिलच्या चिकाने ट्यूलिप लवकर माना टाकतात. त्या चिकाने हातालाही खाज सुटते.

## ११. फुलं गेल्यावर

सुकलेलं फूल खुडा, पानांना हात लावू नका. पानं पिवळी पडेपर्यंत, साधारण सहा आठवडे, कंद पुढच्या वर्षाचं अन्न साठवत असतो. पानांच्या वेण्या घालणं, रबरबँड लावणं किंवा लॉनवाल्याला “तेही कापून टाक” सांगणं म्हणजे पुढची फुलं कापणं. लॉन कापणारा बाहेरचा असेल तर वाफ्याभोवती काठ्या रोवून दोरी बांधा.

बरेच ट्यूलिप दुसऱ्या वर्षी दुबळे पडतात. यात प्राण्यांचा दोष नाही, त्यांचा स्वभावच तसा. दरवर्षी परत यावेत अशी अपेक्षा असेल तर डार्विन हायब्रिड गटातले घ्या. डॅफोडिल मात्र वाढत जातात. चार-पाच वर्षांनी फुलं कमी आणि पानं जास्त दिसू लागली, तर जूनमध्ये पानं पिवळी पडल्यावर गड्डा उकरा, कंद हाताने वेगळे करा आणि सहा इंच अंतराने पुन्हा लावा.

मेमध्ये वाफ्याचे फोटो काढून ठेवा आणि कुठे काय आहे त्याच्या खुणा लावा. ऑक्टोबरात रिकामी दिसणारी जमीन खणताना जुने कंद फावड्याखाली येतात ते या खुणा नसल्यामुळेच. पेटीचं झाकण पुसून, वाळवून गराजमध्ये त्याच खुंटीला टांगा, शरदात तेच पुन्हा लागणार आहे.